अकरा महिने थांबून मिळालेला पीअर रिव्ह्यू: नागपूरहून अनुभव, ३.५ स्टार

लोक सावजीच्या रश्श्याचे, कूलरच्या मोटरचे, पॅकर्स-मूव्हर्सचे रिव्ह्यू टाकतात, मी म्हटलं आपण ज्या सर्व्हिसपायी सगळ्यात जास्त दिवस वाट पाहिली तिचाही एक टाकू. सर्व्हिस म्हणजे पीअर रिव्ह्यू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुम्ही रिसर्च पेपर लिहायचा, जर्नलला म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला पाठवायचा, ते लोक तुमच्याच विषयातल्या दोन-तीन अनोळखी माणसांना तो वाचायला देणार, ती माणसं एक पैसा न घेता काय चुकलं ते लिहून देणार आणि त्यावरून एडिटर ठरवणार की छापायचा, दुरुस्त करून मागायचा की परत करायचा. मराठीत याला सहकर्मी समीक्षा वगैरे म्हणतात पण आमच्या स्टाफरूममध्ये कोणीच म्हणत नाही, तिथं फक्त "पेपर रिव्ह्यूला गेला" आणि "अजून आला नाई" एवढंच चालतं.

जर्नल बाहेरदेशातलं, शिक्षणशास्त्राचं, मोठ्या प्रकाशकाचं. नाव घेत नाही, कारण खाली थोडी कुरकुर पण आहे.

मी नागपुरात एका अनुदानित बी.एड. कॉलेजात शिकवतो, पंधरा वर्षं होत आली. पेपर काऊन लिहिला तर खरं सांगतो, प्रमोशनसाठी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत आमच्या विषयाला एका पेपरचे १० गुण आहेत, सायन्सवाल्यांना ८. आधी केअर लिस्ट, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांची यादी, पाहायची, जर्नल तिच्यात आहे का बघायचं, काम झालं. मी पेपर सबमिट केला फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि त्याच महिन्यात यूजीसीनं जाहीर केलं की ती लिस्टच बंद, आता जर्नल चांगलं की वाईट ते तुमचं तुम्ही पाहा. बाप्पा! त्याच्या आधीची जी लिस्ट होती तिच्यातून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली होती, त्यात आमच्याकडच्या कितीतरी जणांचे पेपर अडकले, एका मॅडमनं तर फाईल बनवून ठेवली होती आणि जर्नलच गायब.

माझाही जुना एक अनुभव आहे, तो सांगितल्याशिवाय या सर्व्हिसची किंमत कळणार नाही. सातआठ वर्षांपूर्वी एका जर्नलचा ईमेल आला, "आदरणीय प्राध्यापक महोदय" टाइप, पाठवा तीन दिवसात रिव्ह्यू. पाठवला. तिसऱ्या दिवशी खरंच रिव्ह्यू आला, म्हणजे एका पानाचा फॉर्म आला, त्यात पाच चौकोन, नावीन्य, पद्धत, भाषा, संदर्भ, एकूण, आणि पाचही चौकोनांत "उत्कृष्ट" वर टिक. खाली बँक डिटेल्स. मी तेव्हा खूश झालो होतो हो, खोटं काऊन बोलू, घरी पेढे नेले. नंतर तो पेपर स्वतःच परत वाचला तर टेबल दोनमधली बेरीज चुकलेली आणि ती तशीच छापून आलेली. म्हणजे कोणी वाचलाच नव्हता. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा तरी अशा ठिकाणी पाठवायचा जिथं कोणीतरी खरंच वाचेल.

आता या सर्व्हिसकडे. ऑर्डर देणं, म्हणजे सबमिशन, यालाच मला चार दिवस लागले. पोर्टल असं आहे की आपल्या महाडीबीटीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा इथं येऊन पाहावं. टायटल पेज वेगळं, मुख्य फाईल वेगळी, टेबलं वेगळी, कव्हर लेटर वेगळं, ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, नसेल तर आधी तो काढा. मुख्य फाईलमध्ये तुमचं नाव, कॉलेज, आभार काहीच नको, कारण हा डबल अनॉनिमस प्रकार आहे, म्हणजे वाचणाऱ्याला लिहिणारा कोण ते कळू द्यायचं नाही आणि लिहिणाऱ्याला वाचणारा कोण ते. शिक्षणशास्त्राच्या जर्नलांत बहुतेक हाच चालतो, विज्ञानाच्या बऱ्याच जर्नलांत वाचणाऱ्याला लेखकाचं नाव माहीत असतं. तुमच्याच जुन्या पेपरचा संदर्भ असेल तर तिथं नाव काढून नुसतं "लेखक" असं टाकायचं. मी सगळं केलं आणि तरी दोन दिवसांनी पेपर परत आला. कारण काय तर वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून माझं नाव आणि एका ठिकाणी माझ्या सहकाऱ्यानं टाकलेली कमेंट तशीच राहिली होती, "सर हे वाक्य जरा जास्तच होऊन राहिलं." मराठीत होती म्हणून वाचलो. पाठवायच्या आधी फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट हे चार क्लिक करा, माझे दोन दिवस गेले तसे तुमचे जाऊ नयेत.

एथिक्सचा एक रकाना होता तिथं जरा घाम फुटला. परदेशातल्या विद्यापीठांत मुलांवर अभ्यास करायचा तर आधी कमिटीची मंजुरी लागते, आमच्या कॉलेजात तशी कमिटीच नाही. पण मी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुख्याध्यापकांची पत्रं आणि पालकांची संमती लेखी घेतली होती, काही ठिकाणी अंगठा, ते सगळं स्कॅन करून भाषांतरासकट पाठवलं आणि सरळ लिहिलं की कमिटी नाही, पण हे हे केलं. एडिटरनं मान्य केलं. खोटं पत्र बनवा असं सुचवणारेही भेटले, त्यांचं ऐकलं नाही ते बरंच झालं.

याच्या आधी एका दुसऱ्या जर्नलला पाठवला होता, तिथून सहाव्या दिवशी नकार. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात, रिव्ह्यूअरपर्यंत पेपर जातच नाही, एडिटरच स्वतः बघून परत करतो, विषय बसत नाही, लांबी जास्त आहे, प्रश्नच नीट मांडला नाही, असं काहीतरी. मला दोन ओळी आल्या होत्या की तुमचा अभ्यास चांगला आहे पण आमचे वाचक शिक्षण धोरणवाले आहेत, वर्गात काय चालतं त्याचं जर्नल बघा. त्या दिवशी वाईट वाटलं पण आता वाटतं त्या सहा दिवसांसारखी प्रामाणिक सर्व्हिस नाही, आठ महिने लटकवून नाही म्हणण्यापेक्षा हे कधीही परवडलं.

मग वाट. पोर्टलवर एक स्टेटस दिसत असते आणि त्या स्टेटसनं माणूस येडा होते. "विथ एडिटर" तीन आठवडे. मार्चच्या शेवटी "अंडर रिव्ह्यू" झालं, त्या दिवशी मी आख्ख्या स्टाफला तर्री पोहे खाऊ घातले. मग एप्रिल गेला, मे गेला, चाळीसच्या वर पारा, कूलरसमोर बसून फोनवर तेच पान रिफ्रेश करून राहिलो. अंडर रिव्ह्यू. तेच. फक्त शेजारची तारीख अधूनमधून बदलायची, की लगेच वाटायचं आता काहीतरी हललं, बर्डीवरून मेट्रोत बसलो की कॉलेज येईपर्यंत दोनदा तरी लॉगिन.

शेवटी आमचे एक रिटायर्ड सर आहेत धरमपेठेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर पेपर लिहिले आणि त्याहून जास्त वाचले. ते हसले. म्हणाले, "तुला वाटते ते लोक तुझा पेपर वाचून राहिले? ते अजून वाचणारा शोधून राहिले." मग नीट सांगितलं. एडिटर पाच-सहा जणांना विचारतो, कोणी नाही म्हणते, कोणी उत्तरच देत नाही, दहा दिवस थांबून पुढच्याला विचारायचं, कोणी हो म्हणून महिनाभर घेते आणि मग कळवते की आता जमणार नाही. पैसे मिळत नाहीत, नाव छापून येत नाही, आणि पेपर असा की ज्याला ग्रामीण शाळा पण कळली पाहिजे, भाषाशिक्षण पण आणि थोडंफार स्टॅटिस्टिक्स पण, अशी माणसं जगात किती असतील. म्हणजे माझ्या अकरा महिन्यांतलं प्रत्यक्ष वाचन तीन माणसांचे मिळून फार तर तीन-चार दिवसांचं असेल, बाकी सगळा वेळ कोणीतरी हो म्हणण्याची वाट. हे मला आधी माहीत असतं तर मे महिन्यात एवढी चिडचिड झाली नसती.

त्यांनी अजून एक सांगितलं, चहा दुसऱ्यांदा आला तेव्हा. १९३६ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वीय लहरी नसतातच असा पेपर एका सहकाऱ्यासोबत लिहून फिजिकल रिव्ह्यू नावाच्या जर्नलला पाठवला, एडिटरनं तो बाहेरच्या तज्ज्ञाकडे वाचायला दिला, तर हा माणूस खवळला, मी छापायला दिला होता, दुसऱ्याला दाखवायला नाही, असं कळवून पेपर काढून घेतला. आणि मजा म्हणजे त्या तज्ज्ञानं चूक बरोबर पकडली होती, पुढे दुसऱ्या जर्नलमध्ये तो पेपर आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. नेचरसारख्या जर्नलनं सुद्धा प्रत्येक पेपर बाहेर वाचायला पाठवायचा नियम १९७३ मध्ये केला म्हणे. मला वाटायचं हे न्यूटनच्या काळापासून चालू आहे. सर म्हणाले, "आइनस्टाइनले राग आला, तू कोण बे."

निकाल आला २३ ऑगस्टला. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्या दिवशी मारबत होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी आमची पुतळ्यांची मिरवणूक. शनिवार, तान्हा पोळा, मी पोराला खांद्यावर घेऊन इतवारीकडे उभा, काळी-पिवळी मारबत येऊन राहिली, सगळे ओरडून राहिले "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" आणि खिशात फोन थरथरला. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा. तीन रिव्ह्यूअर. ६० दिवस. गर्दीत उभ्या उभ्या वाचलं आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरचं वाचताना मनात आलं की पुढच्या वर्षी याचाच बडग्या, म्हणजे मारबतीत ज्याचा राग येतो त्याचा पुतळा, काढायला पाहिजे.

आता इथून रिव्ह्यूचा मुख्य भाग, कारण पैसे वसूल जे झाले ते इथं.

पेपर कशावर होता ते थोडक्यात. आमच्या जिल्ह्यातल्या पेंचकडच्या पट्ट्यातल्या सहा जिल्हा परिषद शाळा, चौथीची मुलं, घरी वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणारी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, रेकॉर्ड करायचं, चुका मोजायच्या. परिशिष्टात मी नमुना म्हणून काही वाक्यं रोमन अक्षरांत देऊन खाली शब्दागणिक इंग्रजी अर्थ दिला होता. त्यातलं एक वाक्य, पुस्तकात "मुलगी पाणी भरत आहे", पोरीनं वाचलं "पोरगी पानी भरून राह्यली". मी हिशोबात तीन चुका लावल्या होत्या. मुलगीचं पोरगी एक, पाणीचं पानी दोन, भरत आहेचं भरून राह्यली तीन.

दुसऱ्या रिव्ह्यूअरनं त्या एका वाक्यावर अर्धं पान लिहिलं. त्याला किंवा तिला मराठी येत नसावी, अर्थाच्या ओळीवरूनच ओळखलं. म्हणणं असं की या मुलीनं वाक्य डोळ्यांनी वाचलं, त्याचा अर्थ लावला आणि तोच अर्थ आपल्या घरच्या भाषेत, त्याच काळात, व्याकरणासकट बरोबर बोलून दाखवला, तर ही तीन चुकांची वाचक आहे की तुमच्या सगळ्या नमुन्यातली सगळ्यात चांगली वाचक आहे? जी मुलं अक्षर अक्षर लावून बिनचूक वाचतात पण अर्थ सांगू शकत नाहीत त्यांना तुम्ही हिच्या वर ठेवलं आहे. पुढे वाचनाचा अभ्यासक केनेथ गुडमनच्या १९६९ च्या कामाचा दाखला, मिस्क्यू अ‍ॅनालिसिस, की वाचताना झालेला प्रत्येक बदल चूक म्हणून मोजायचा नाही, तो अर्थ मोडतो की सांभाळतो हे बघायचं.

मी हे बी.एड.ला शिकवतो हो. गुडमनचं नाव मी फळ्यावर लिहितो दरवर्षी. आणि मी स्वतः घरी "भरून राहिली" असंच बोलतो, या रिव्ह्यूत सुद्धा चार वेळा आलं असेल, आणि त्या पोरीला मी लाल शेरा मारला. रात्री झोप लागली नाही. हे माझ्या गाईडनं पाहिलं नाही, विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये पन्नास जणांसमोर वाचला तेव्हा कोणी बोललं नाही, सगळे टाळ्या वाजवून जेवायला गेले, आणि हजारो मैलांवरच्या, मराठी न येणाऱ्या कोण्या माणसानं परिशिष्टाच्या तळातून उचललं. पाचपैकी पाच, या एका अर्ध्या पानाला.

पहिल्या रिव्ह्यूअरचं चार ओळींत आटोपलं होतं, विषय महत्त्वाचा आहे, भाषा तपासून घ्या, छापायला हरकत नाही. वाचलाय की नाही शंका यावी असं. तिसरा आकडेवाला होता. त्यानं सांगितलं तुम्ही दोन गटांमध्ये टी-टेस्ट, म्हणजे सरासरीतला फरक खरा की योगायोग ते बघायची चाचणी, लावली ती चालत नाही, कारण एकाच वर्गात बसणारी, एकाच बाईंनी शिकवलेली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, टेस्टला तसं असावं लागते, सहा शाळा म्हणजे खरं पाहिलं तर तुमच्याकडे सहाच गोष्टी आहेत. कॉलेजजवळच्या एका स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे गेलो, त्यांनी वर्ग-शाळा धरून परत गणित केलं तर माझा जो मोठ्ठा फरक होता, ज्याच्यावर मी निष्कर्षाची दोन पानं लिहिली होती, तो टिकलाच नाही. गेला. पहिले तर खूप लागलं, मग वाटलं बरं झालं छापण्याआधी गेला.

दिवाळीच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. रेकॉर्डिंग सगळी परत ऐकली, प्रत्येक बदल परत लावला, अर्थ सांभाळला का, मोडला का, घरच्या भाषेतून आला का. मुदत २२ ऑक्टोबरची होती, ऐन दिवाळीत, मी एडिटरला लिहिलं की आमच्याकडे सण आहे, १५ नोव्हेंबरपर्यंत द्या, एका दिवसात उत्तर आलं, दिली, शुभेच्छा पण दिल्या. हे सांगून ठेवतो कारण आपल्याकडचे बरेच जण मुदत मागायला भितात आणि घाईत काहीतरी पाठवतात. माणसं आहेत ती, मागा.

आता कुरकुर, स्टार जे कापले ते. एक तर "नागपूरच का, हे इतर ठिकाणी लागू पडेल का" हा प्रश्न. अमेरिकेतल्या एखाद्या शहरातल्या दोन शाळांवर पेपर येतो तेव्हा नावात शहर पण नसते आणि ते सगळ्या जगाला लागू समजतात, आम्ही मात्र आधी दीड पान नकाशा समजावून सांगायचा. दिलं समजावून. दुसरं, भाषा नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या हा शेरा, कुठली वाक्यं ते सांगायचं नाही. आणि तिसऱ्यानं शेवटी चार पेपर वाचायला सांगितले, चारही एकाच माणसाचे, आणि माझ्या विषयाशी एकाचाच संबंध. नाव गुप्त असतं म्हणतात पण अशानं गुप्त काय राहते. मी घाबरत एडिटरला लिहिलं की एक उपयोगाचा आहे, तो घेतला, बाकी तिन्ही पेपरांचा संबंध दिसत नाही. उत्तर आलं, बरोबर केलं, गरज वाटेल तेच घ्या.

रिव्ह्यू झाला म्हणजे सगळं निष्पक्ष होते असंही नाही. धरमपेठेतल्या सरांनी १९८२ चा एक अभ्यास सांगितला होता, पीटर्स आणि सेसी या दोघांनी मानसशास्त्राच्या जर्नलांत आधीच छापून आलेले १२ पेपर लेखकांची नावं आणि नामांकित संस्था बदलून, त्याच जर्नलांना परत पाठवले. तीनच पकडले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले, आणि कारण काय तर पद्धतीत गंभीर दोष. म्हणजे मोठ्या विद्यापीठाचं नाव होतं तेव्हा दोष दिसला नाही, की आता नशीब फिरलं, काय म्हणायचं ते म्हणा.

उत्तर कसं लिहायचं हे कोणी शिकवत नाही म्हणून सांगतो. दोन रकान्यांचं टेबल करायचं, डावीकडे त्यांचा मुद्दा शब्दशः, उजवीकडे तुम्ही काय केलं आणि कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत. मुद्दा गाळायचा नाही, बारीकसा असला तरी. पटलं नाही तर नाही म्हणता येते पण बोलायचं कसं, तर लग्नात व्याह्यांशी बोलतो तसं, आधी आभार, मग "आपलं म्हणणं योग्यच आहे, तथापि". माझं टेबल १४ पानांचं झालं, पेपरच २६ पानांचा. दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या त्या मुद्द्यासमोर मी पहिल्यांदा लांबलचक बचाव लिहिला होता, मग तो सगळा खोडून एवढंच लिहिलं की चूक माझी होती, सगळं वाचन नव्यानं तपासलं, प्रश्न आणि शीर्षक दोन्ही बदललं.

१४ नोव्हेंबरला पाठवला. डिसेंबरात इथं अधिवेशन, सगळे रस्ते बंद, व्हरायटी चौकात गाडीत अडकलो असताना मायनर रिव्हिजन आलं, किरकोळ दुरुस्त्या, दोन दिवसात दिल्या. जानेवारीत अ‍ॅक्सेप्ट. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा शेवटचा शेरा दोन ओळींचा होता, त्यातली एक अशी की ती मुलगी आता वाचताना दिसते. तो माणूस कोण ते मला कधी कळणार नाही. बडग्याचं रद्द.

मग प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायची प्रत. ४८ तासांत तपासून द्या म्हणे, अकरा महिने तुम्ही घ्यायचे आणि आम्हाला ४८ तास. "राह्यली"च्या रोमन स्पेलिंगची तीन ठिकाणी वाट लावली होती, कोण्या सॉफ्टवेअरनं चूक समजून सुधारली असणार. म्हणजे पोरीवर मी केलं तेच मशीननं केलं.

खर्च शून्य, जर तुम्ही साध्या मार्गानं छापलं तर. सगळ्यांना मोफत वाचता यावा असं हवं असेल तर अडीच लाखांच्या घरात फी, ती कोण देणार. म्हणजे लिहिला मी फुकट, वाचला त्यांनी फुकट, आणि वाचायला मात्र पैसे. सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, जवळपास १३,००० जर्नलं, पण ते सरकारी संस्थांसाठी, आमचं कॉलेज संस्थेचं, आम्हाला माझाच पेपर लायब्ररीतून उघडत नाही.

अजून एक गंमत, छापून यायच्या आधीच त्याच जर्नलनं मला दुसऱ्या कोणाचा पेपर वाचायला पाठवला. तीन आठवडे मुदत. हो म्हटलं, मोठ्या रुबाबात. परीक्षा, बी.एड. कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या एनसीटीईचे कागद, लग्नसराई, पाच आठवडे झाले तेव्हा दिला, दोन रिमाइंडर आल्यावर. तिकडं कोणीतरी कूलर नाहीतर हीटरसमोर बसून रिफ्रेश करत असेल. पण वाचला मात्र परिशिष्टासकट.

रेटिंग: वाचनाला पाच, पोर्टलला दोन, वेळेला दोन, एडिटरच्या वागण्याला साडेचार, पहिल्या रिव्ह्यूअरला एक. घाईत प्रमोशन पाहिजे त्यांनी या वाटेला जाऊ नका, दीड वर्ष हातात ठेवूनच पाठवा, आणि एका वेळी एकाच जर्नलला, दोन ठिकाणी एकदम पाठवला नि पकडले गेलात तर दोन्हीकडून जाल.

मागच्या आठवड्यात प्रिंट काढून त्या सहापैकी एका शाळेत घेऊन गेलो, रामटेकच्या पुढं. गुरुजींनी चष्मा लावला, पानं उलटली, इंग्रजी पाहून थांबले.

"यात आमच्या शाळेचं नाव कुठं आहे?"

म्हटलं गुरुजी, नाव टाकता येत नाही, नियम आहे, मुलं ओळखू यायला नको. तुमची शाळा म्हणजे ही पाहा, शाळा क्रमांक ५.

"पाचवी काऊन? पटसंख्या तर आमची सगळ्यात जास्त."

म्हटलं नंबर असेच दिलेत, त्यात वरखाली काही नाही. ते काही पटलं नाही त्यांना. चहा पाजला, मग त्या वाक्याचं पान मी उघडून दाखवलं, रोमनमधलं, बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं, पो-र-गी, आणि दारातून आत डोकावणाऱ्या पोरींकडे पाहून हाक मारली, "अगं, इकडं ये, तुझं वाक्य इंग्रजांच्या पुस्तकात आलं." आता ती पाचवीत आहे. आली, पाहिलं, म्हणे, "हे मराठीत काऊन नाई लिवलं?"